साक्रीकडच्या गावातली नांगरलेली वाट

जळगावात मेहरूणमधल्या माझ्या घराचं दार, देव्हारा, लेकीचं कपाट आणि एका शाळेसाठी लाकडात कोरलेलं तापीचं खोरं, डोळे मिटून बोट फिरवलं तरी चढउतार कळेल असं. सगळं या दोन हातांनी केलं. शिकवलं कुणी नाही. यंदा साक्रीकडच्या डोंगरातलं एक अख्खं गाव केलं, सागाच्या फळीवर, चार फूट बाय तीन.

एका कॉलेजात भूगोल, कायदा, इतिहास आणि मानसशास्त्रवाले मिळून शांतता आणि सामाजिक न्याय अभ्यासताहेत. या गावात तंटाच नाही, तो का नाही, हा त्यांचा प्रश्न. मॉडेल त्यांच्यासाठीच. पण गावकऱ्यांनी पारखल्याशिवाय माझं काम मी देत नाही, म्हणून निघालो.

जळगावहून सकाळची एसटी धरा. एरंडोल, पारोळा, धुळे. एवढ्या फळीला लगेजचं तिकीट पडतं, हुज्जत घालू नका. धुळ्यात स्टँडबाहेर शेवभाजी-भाकरी खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. साक्रीहून जीप भरल्याशिवाय सुटत नाही. दोन्ही बाजूंना बोडकी टेकाडं, आभाळ राखेसारखं.

मारुतीच्या पारावर फळी मांडली. वरच्या वस्तीतल्या एक वाकलेल्या अक्का घराघरावर बोट टेकवत गेल्या.

"बठ्ठं बराबर शे, भाऊ. आम्हनी मसनवाट कोठे शे?"

"मला दिलेल्या नकाशात स्मशानाची वाट नव्हती, अक्का."

"कशी ऱ्हाई? नांगरी टाकी ना!"

नांगरणारे नाना शेजारीच चहा पीत होते. हसून म्हणाले, "कारागीर, लाकूडमा कोर. मना शेतमा कोरू नको!"

सगळे हसले. वरच्या वस्तीची प्रेतं पूर्वी नानांच्या शेताच्या कडेने जात. आता नाल्यातून, दगडगोट्यांवरून, लांबचा फेरा.

"मग तंटा कसा झाला नाही?" मी विचारलं.

"आम्ही फिरीसन जातस ना, म्हनीसन." मग अक्का नानांकडे न बघता म्हणाल्या, "मले तरी सरळ नेतीन का?"

मी पटाशी काढली आणि अक्का बोट फिरवतील तशी वाट कोरली. नाना अर्धा चहा टाकून उठले.

घरी आलो आणि पंधरवड्यात अक्कांच्या लेकाचा फोन आला. आई गेली. नाल्याला पाणी होतं. खांदेकरी दोनदा घसरले, पण नेली तिथूनच.

दुसऱ्या दिवशी फळी घेऊन मी कॉलेजात गेलो आणि हे सांगितलं. प्रकल्पाचे प्रमुख हळहळले, खरंच हळहळले. मग म्हणाले, "पण ती वाट बुजवा. गावात शांतता आहे, आपल्यामुळे बिघडायला नको." बुजवून दिलं तर मॉडेल काचेच्या पेटीत, खाली माझं नाव, आणि चाळीस हजार रुपये.

वाट न बुजवता फळी उचलून घरी आणली. चाळीस हजार.