आपांनी वाशिमला घेतलेली खोली

मळ्यात वांगी तोडत होते, तेव्हा नाजनीनचा फोन आला. ती वाशिमच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ड्युटीवर असताना कधी फोन करत नाही. "बाई, आपा गेल्या," एवढंच म्हणाली. मी टोपलं खाली ठेवलं आणि बांधावर बसून राहिले... त्याला आता महिना उलटला.

सादिका आपा मंगरूळपीरला मुलींच्या मदरशात मोठ्या उस्तानी, म्हणजे मुख्य शिक्षिका होत्या. मी तिथलीच, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. आमच्याकडून त्या भाजी घ्यायच्या, तेवढीच ओळख. एकदा मेथीची जुडी हातात धरून म्हणाल्या, माझ्या पोरींना गणित शिकवाल का? पोरी कुराण, अरबी उत्तम शिकतात; पण शिक्षण संपलं की दुसऱ्या एखाद्या मदरशात शिकवायचं नाही तर लग्न करायचं, याखेरीज त्यांना कुणी काही विचारतच नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांना बाहेरून दहावीला बसवायचं आपांनी ठरवलं होतं. मी दुपारच्या नमाजनंतर जाऊ लागले आणि पुढं कितीतरी वर्षं जात राहिले.

नाजनीन पहिल्या काही मुलींपैकी. बारावी झाली, वाशिमला नर्सिंगला नंबरही लागला, आणि वडिलांनी नाही म्हटलं. आपा मला घेऊन एसटीनं मेडशीला गेल्या. तिचे वडील अन्वरभाई शिलाईकाम करायचे. माणूस भला, चहा दिला, मशीन बाजूला सारून आमच्यासमोर बसले. त्यांचा राग शिक्षणावर नव्हताच. "आपा, तुमच्या भरोशावर पोरगी मदरशात ठेवली," ते म्हणाले. "वाशिमात तिच्यापाशी कोन हाये?"

आपांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली... मग म्हणाल्या, "मी आहो ना. मी राहीन तिच्यासंगं."

मला वाटलं, बोलण्याच्या भरात म्हणाल्या. साठी ओलांडलेली, गुडघे दुखायचे. पण त्यांनी खरोखरच वाशिमला खोली घेतली. मदरसा सुटला की संध्याकाळच्या बसनं वाशिम, सकाळच्या पहिल्या बसनं परत. मदरशाच्या कमिटीतल्या काहींना ते आवडलं नाही. मोठ्या उस्तानीनं असं गावोगाव फिरावं का, अशी चर्चा झाली. आपांनी शांतपणे सांगितलं की माझा एकही तास बुडत नाही. बुडाला तर मला काढून टाका. कुणी काढलं नाही.

एकदा बस स्टँडवर मी विचारलं, "आपा, एवढं कायले करता?" तरुणपणी त्यांचाही डीएडला नंबर लागला होता, हे मला तेव्हा कळलं. "अब्बांनी नाही नव्हतं म्हटलं, बाई," त्या म्हणाल्या. "फक्त संगं जायले कोनी नव्हतं."

सगळ्याच मुली बाहेर पडल्या असं नाही. रुखसारचं गणित सगळ्यांत चांगलं. ती बीएस्सी करील असं मी धरूनच चालले होते. तिनं मदरशातच अरबी शिकवायचं ठरवलं. मी हिरमुसले, तिला समजवा म्हणून आपांच्या मागं लागले. आपा हसल्या. म्हणाल्या, "आपुन विचारलं, तिनं सांगितलं. आता आयकाव तर लागते नं बाई." रुखसार आज तिथं उस्तानी आहे, आणि तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

गेल्या आठवड्यात वाशिमच्या त्या खोलीवर गेले. नाजनीन अजून तिथंच राहते; सोबत डीएडची एक, फार्मसीची एक, आणि नुकतीच आलेली अनसिंग गावची एक. दाराजवळ आपांची खाट. मला वाटलं होतं, ती तशीच रिकामी ठेवली असेल. पण खाटेवर अनसिंगची पोर पुस्तक पोटावर घेऊन गाढ झोपली होती. मला बसायला जागा हवी म्हणून नाजनीन तिला उठवायला निघाली. मी तिचा हात धरला आणि खाली चटईवर बसले.