पालखीखालचं मागणं

डायलिसिसला जायचं म्हणजे युयेहला नोकरीसारखंच झालं होतं. फरक इतकाच, की या नोकरीला ना पगार, ना रजा. एक दिवसाआड जायचं, हातात दोन सुया खुपसून घ्यायच्या आणि यंत्र रक्त धुईपर्यंत छताकडे बघत पडायचं. घरी परतल्यावर भाताची वाटीसुद्धा जड वाटे. जगण्यालाच विटली होती ती.

त्यात आता ही सायकल. व्यायाम शिकवणारी मिस को पलंगाच्या पायथ्याशी पेडल बसवून द्यायची. "चालवा, मावशी. रक्त धुतलं जातंय तोवर पाय तरी जागे राहू देत."

"कुठवर पोचलीस गं?" शेजारच्या पलंगावरचा म्हातारा शू विचारायचा.

"इथंच आहे, दादा. तुम्हाला सोडून कुठं जातेय!"

पण ती पेडल मारायची त्यामागे तिचा वेगळाच बेत होता, आणि तो एकट्या शूला ठाऊक होता. वसंतात माझूदेवीची पालखी गावातून जाते. लोक रस्त्यावर ओळीनं पालथे पडतात आणि देवी वरून जाते. त्या वेळी तिला म्हणायचं होतं, "आई, पुरे झालं. आता ने मला." देवळात सांगून उपयोग नाही, तिथं गाऱ्हाण्यांची रांगच असते.

गेल्या वर्षी तिनं पालखीखाली तब्येत मागितली होती. मिळालं काय? उठता येईना, तेव्हा लोकांनी नेमका सुयांचाच हात धरून ओढलं. शीर बंद पडली, आणि ती दुरुस्त होईपर्यंत मानेत खुपसलेल्या नळीतून रक्त धुणं. तेव्हापासून मुलगा कुनचेंग अडून बसला होता, "जमिनीवरून स्वतःची स्वतः उठून दाखव, आई. मगच पालखीला सोडीन."

"मरण मागायचं आणि त्यासाठी व्यायाम!" शूला हसता हसता ठसका लागला. "धन्य आहे बाई तुझी!"

हिवाळाभर ती कुरकुरत पेडल मारत राहिली. मिस कोनं जमिनीवर चटई टाकून उठायला शिकवलं: आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढे आणि हात मांडीवर. शेवटी कुनचेंगसमोर ती उठून उभी राहिली, तेव्हा त्याचाही नाइलाज झाला.

पालखी आली. फटाक्यांच्या धुरात युयेह पालथी पडली. अंगावरून सावली सरकली, मागचे लोक ढकलू लागले. कुनचेंग धावला, पण तोवर ती मांडीवर हात रोवून उठलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी शूनं हळूच विचारलं, "सांगितलंस देवीला?"

युयेह छताकडे बघत म्हणाली, "विसरले."

"काय?"

"मागायचंच विसरले, दादा. सगळं लक्ष मेल्या गुडघ्यांकडे."

शू या वेळी हसला नाही. मिस को पेडल घेऊन आली. युयेहचे पाय कालच्या दगदगीनं ठणकत होते, आणि कंटाळा तर तसाच होता, तसूभरही कमी नाही.

"लाव बाई," ती म्हणाली. "आता आणखी वर्षभर चालवणं आलं."