जिन्यातलं जहाज

समता कॉलनीतल्या आमच्या अरुंद जिन्यात वरच्या मजल्यावरचा बोटीवाला समोर आला की आमची टक्कर ठरलेली. मी डावीकडे सरकायचे, तो त्याच्या उजवीकडे.

"काकू, समुद्रात समोरासमोर आलेली दोन्ही जहाजं उजवीकडेच वळतात," तो हसायचा. बोटीवर वर्षं काढून झाली होती, लेखी पेपरही सुटले होते. कॅप्टनच्या लायसनसाठी तोंडी परीक्षा तेवढी उरली होती.

संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जायचे, तेव्हा तो पंडरी भागातल्या रस्त्यांवरचे दिवे, जहाजांचे असावेत तसे, न्याहाळत असायचा. "तो पांढरा दिवा आपल्याकडेच येऊन राहिला, काकू." शेजारचे कूलर घरघरत असायचे, अन् मला गच्ची हलकेच डोलल्यासारखी वाटायची. हळूहळू जिन्यात मीही उजवीकडे होऊ लागले.

परवा तो परीक्षा देऊन मुंबईहून परतला. मी उतरत होते. मला पाहून तो डावीकडे सरकला आणि माझ्यावरच आदळला.

"नापास झालो, काकू. आता नाही देत. इकडंच पाहतो काही."

मी हलले नाही. माझी उजवी बाजू धरून उभी राहिले.

बऱ्याच वेळानं तो उजवीकडे वळला. तेव्हा कुठं मी खाली उतरले.