गयेला सोडलेली पालेभाजी

आई गेल्यावर दादा गयेला जाऊन आला. गेलेल्या माणसाच्या नावानं आपली एखादी आवडती वस्तू तिथे कायमची सोडायची रीत आहे. दादानं पालेभाजी सोडली. लहानपणी मेथी दिसली की त्याच्या पोटात दुखायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रीत त्याच्या अगदी पथ्यावर पडली. आम्ही हसलो आणि विसरलो.

गेल्या वर्षी त्याच्या पोटऱ्यांत सारखे गोळे यायला लागले. धारच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मॅग्नेशियम कमी आणि साखर काठावर. "देखो भिया," ते म्हणाले, "मॅग्नेशियम कम रहे तो इंसुलिन ठीक से काम नहीं करता. शुगर का खतरा बढ़ता है. माताजी को भी थी, अभी से संभल जाओ." पालक, मेथी, डाळी, दाणे, ज्वारी खा म्हणाले, पोहे-जिलबी कमी करा म्हणाले. दादानं तिथेच हात जोडले. "पालेभाजी तो गया में छोड़ आया हूँ, साब."

मग गोळ्या झाल्या, त्यांनी पोट बिघडलं. भोपळ्याच्या बिया कवळीखाली अडकायच्या. भाकरी चार दिवस टिकली. सकाळचे पोहे मात्र चालूच राहिले, ते काही गयेला सोडलेले नव्हते. शेवटी वहिनीचा फोन आला आणि मी देवासहून धारला गेले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. समजावून सांगितलं की माणसाला पटतं, हा माझा भ्रम इतकी वर्षं वर्गात उभी राहूनही गेलेला नाही.

"अगं, संकल्प म्हणजे संकल्प," दादा म्हणाला. "त्यात मोलभाव नाही."

"आवडत नव्हती म्हणून सोडलीस."

"ते आईचं आणि माझं आम्ही बघून घेऊ."

मला संताप आला, आणि भीतीही वाटली. साखरेनं आईचा आधी पाय नेला, मग आईला नेलं, ते याच घरात.

वहिनीनं ताट आणून ठेवलं. ताकातला पालक होता, दाणे घातलेला. दादानं ताट बाजूला सारलं. वहिनी त्याच्यापुढे कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"अहो, आईंच्या पायाची जखम मी धुतली. पाय कापल्यावर पट्टीही मीच बांधायची. वास यायचा म्हणून तुम्ही बाहेर ओट्यावर बसायचात. आता माझी साठी उलटली. तुमचा पाय धुणं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

दादानं ओट्याकडच्या दाराकडे पाहिलं.

"तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही कधी आत आलात?"

त्यानं ताट पुढे ओढलं आणि घास घेतला. चावून गिळला.