एकही हप्ता न चुकवलेला माणूस

आसावरी चिटणीस बँकेत गेली की आधी खुर्ची बघायची. एसीचा झोत थेट अंगावर न येणारी, पण आतल्या साहेबाला काचेतून सतत दिसत राहील अशी. अकरा वर्षं दोह्यात घरं विकून तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की बँकेत नुसतं फोनवर काम होत नाही, समोर ठाण मांडून बसावं लागतं. पर्समध्ये चिवड्याचा डबा, पाण्याची बाटली आणि निळी वही. वहीत कोण कधी काय बोललं ते तारीखवार. तिचा नवरा यशोधन गॅस कंपनीत इंजिनियर, स्वभावानं गरीब. तो म्हणायचा, ‘‘तू ब्रोकर नाहीस, तू फौजदार आहेस.’’ ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पण या फायलीनं फौजदारीण बाईंच्याही नाकी नऊ आणले होते.

फाईल होती संजीव गायधनींची. हेही तिच्यासारखेच नाशिकचे. सहा वर्षांपूर्वी, चांगल्या नोकरीच्या जोरावर, त्यांनी दोह्याजवळच्या लुसैलमध्ये कर्ज काढून फ्लॅट घेतला. बायको सुचित्रा, समुद्र दिसणारी बाल्कनी, सगळं छान होतं. मग भाव पडले. मग फेब्रुवारीत नोकरी गेली. आता कर्ज उरलं होतं चौदा लाख रियाल आणि बाजारात फ्लॅटला बारा लाखांवर दमडी मिळत नव्हती. तेव्हा मार्ग एकच. बँकेनं बारा घ्यायचे, दोनावर पाणी सोडायचं आणि गहाण सोडल्याचं पत्र द्यायचं. ते पत्र हातात नसेल तर गिऱ्हाईक चेक देत नाही, आणि कर्ज डोक्यावर ठेवून विमानात बसलं तर माणूस पळून गेला असं म्हणतात. गायधनींना ते मरण वाटत होतं. सुचित्रावहिनी जूनमध्येच नाशिकला गेल्या होत्या. तिथे सातपूरच्या एका कारखान्यात गायधनींना नोकरी ठरली होती, एक ऑक्टोबरला हजर व्हायचं, नाहीतर ती दुसऱ्याला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अशी नोकरी पुन्हा कोण देतो?

आणि बँक? बँक सात महिने म्हणत होती, ‘‘कमिटीकडे आहे.’’

ही कमिटी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तबिश नावाचा एक गोड बोलणारा अधिकारी होता, तो दर वेळी कॉम्प्युटरकडे बघून म्हणायचा, ‘‘मॅडम, नेक्स्ट वीक, इन्शाल्ला.’’ वहीत हे वाक्य एकोणीस वेळा लिहिलेलं होतं. मध्ये बँकेनं घराची किंमत काढायला माणूस पाठवला. त्याचा रिपोर्ट नव्वद दिवस चालतो, कमिटी म्हणे एक्क्याण्णवाव्या दिवशी बसली. म्हणजे पुन्हा माणूस, पुन्हा फी, पुन्हा नव्वद दिवस! तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक गेलं, मग दुसरं गेलं. आता तिसरा होता अम्मार, जॉर्डनचा दातांचा डॉक्टर. त्यानं दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा स्पष्ट म्हणाला, ‘‘गुरुवार, पंचवीस तारीख, दुपारी बारा. त्यानंतर खलास. मी दुसरा फ्लॅट बघून ठेवलाय.’’

मंगळवारी सकाळी तबिश विसाव्यांदा म्हणाला, ‘‘नेक्स्ट वीक.’’

आसावरीच्या डोक्यात सणक गेली. वही मिटली, उठली आणि समोरच्या काचेच्या खोलीत घुसली. तबिश मागून ‘‘मॅडम, मॅडम’’ करत राहिला. आत हिबा मॅडम बसल्या होत्या, अडकलेली कर्जं मिटवणाऱ्या विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, कुणी न विचारता आत आलेलं अजिबात न आवडणाऱ्या.

‘‘गायधनींची फाईल सात महिने तुमच्याकडे पडून आहे,’’ आसावरी म्हणाली. ‘‘मला आज हो किंवा नाही ऐकायचंय.’’

हिबा मॅडमनी नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि भुवया उंचावल्या. ‘‘ही फाईल माझ्याकडे आलेलीच नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘माझ्याकडे फेडू न शकणारी माणसं येतात. हे तर आमचे उत्तम ग्राहक आहेत. हे बघा.’’ त्यांनी स्क्रीन वळवली. ‘‘त्यांनी स्वतःच लिहून दिलंय.’’

स्क्रीनवर पत्र होतं. फेब्रुवारीतलं. ‘मी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही आणि यापुढेही, शक्य त्या सर्व मार्गांनी, प्रत्येक हप्ता वेळेवर भरण्यास मी बांधील आहे. माझ्या निष्कलंक व्यवहाराचा विचार करून...’

आसावरीनं पहिल्या ओळीतच ते पत्र ओळखलं. का नाही ओळखणार? इंग्रजी तिचंच होतं. गायधनींनी ते साधं लिहून आणलं होतं, आणि हिनं बसून त्याला झिलई दिली होती. ‘निष्कलंक’ हा शब्द हिचा. वर सल्लाही दिला होता, ‘‘संजीवराव, काहीही करा, हप्ता चुकवू नका. बँकेत पत राहते.’’ तिच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज असंच फेडलं होतं, मान ताठ ठेवून. आणि त्या ताठ मानेपायीच फाईल सात महिने चांगल्या लोकांच्या रांगेत उभी होती, जिथे कुणालाच घाई नसते.

‘‘तबिशनं हे सांगायला नको होतं का?’’ तिनं विचारलं.

‘‘हवं होतं,’’ हिबा मॅडम म्हणाल्या. ‘‘पण पत्रही तुम्ही असं द्यायला नको होतं. मी कागद वाचते. आज एकच्या आत मला एका ओळीचं पत्र द्या, की हे कर्ज मी फेडू शकत नाही. उद्या कमिटी बसते. काय होईल ते मी सांगू शकत नाही.’’

गायधनी अर्ध्या तासात आले. मेट्रोनं. गाडी त्यांनी मेमध्येच विकली होती. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाईल. आसावरीनं कोरा कागद पुढे केला आणि काय लिहायचं ते सांगितलं.

ते लिहीनात. साखरपुड्याची अंगठी बोटात गोल गोल फिरवत बसले.

‘‘तात्पुरती अडचण आहे, असं लिहिलं तर?’’

‘‘नाही चालणार.’’

‘‘फेडणं अवघड जातंय?’’

‘‘संजीवराव, अवघड नाही, शक्य नाही. तेवढंच लिहायचं.’’

‘‘आसावरीताई, बत्तीस हप्ते नाशकातल्या घराचे, त्याआधी स्कूटरचे, इथले सहा वर्षांचे. माणसाला काहीतरी स्वतःचं लागतं हो. माझं हे आहे.’’ त्यांचे डोळे भरून आले होते. आसावरीला त्यांचा रागही आला आणि कीवही. घड्याळात साडेबारा वाजले होते. ‘‘लिहा,’’ ती म्हणाली, ‘‘चूक माझी आहे, पण अक्षर आणि सही तुमचीच लागते.’’

बारा पंचेचाळीसला त्यांनी सही केली. अक्षर इतकं बारीक, की हिबा मॅडमना चष्मा पुसावा लागला.

बुधवारी कमिटी बसली. मंजुरी मिळाली की नाही, ते संध्याकाळपर्यंत कुणी सांगेना. आसावरीनं आमटीत दोनदा मीठ घातलं. कैवल्यनं, तिच्या पोरानं, ‘‘मॉम, धिस इज सी वॉटर’’ म्हणून ताट सरकवलं, आणि एरवी इंग्रजीवरून त्याला फैलावर घेणारी बाई चक्क गप्प बसली.

गुरुवारी साडेसातला बँक उघडली तेव्हा ती दारात होती. मंजुरी झाली होती! पण पत्रावर दोन सह्या लागतात. एक हिबा मॅडमची झाली. दुसरी ज्यांची, ते साहेब मीटिंगमध्ये. नऊ वाजले. दहा. अकरा. गायधनी शेजारच्या खुर्चीत ताठ बसून होते, हात पँटच्या खिशात. बँक एकला बंद होणार, पुढे शुक्रवार-शनिवार सुट्टी. आणि अम्मारचे बारा.

पावणेबाराला अम्मारचा फोन आला. तो दुसऱ्या फ्लॅटच्या ऑफिसात पोचला होता.

‘‘पत्र आहे?’’

आता अशा वेळी काय बोलायचं ते आसावरीला तोंडपाठ होतं. रस्त्यात आहे, शिक्का मारतायत, पाच मिनिटं. अकरा वर्षं तिनं हेच केलं होतं आणि बहुतेक वेळा ते खपलंही होतं. तिनं तोंड उघडलं. शेजारी तो माणूस बसला होता, ज्यानं परवा जन्मात न लिहिलेलं वाक्य लिहिलं होतं. तिला तिची ती ठरलेली वाक्यं बोलवेनात.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पत्र नाही. आणि डॉक्टर, हा उशीर बँकेइतकाच माझा आहे. मी सात महिन्यांपूर्वी चुकीचं पत्र लिहिलं. ते मला परवा कळलं. मंजुरी झालीय, एक सही बाकी आहे. मी एक तास मागते. एकला बँक बंद होते. तोवर नाही आलं, तर मी पुन्हा फोन करणार नाही.’’



‘‘ब्रोकर कधी असं बोलत नाहीत,’’ अम्मार म्हणाला. ‘‘एक वाजेपर्यंत.’’

सव्वाबारा. साडेबारा. गार्डनं अर्धं शटर ओढलं. आसावरी उठून शटरखाली जाऊन उभी राहिली, बंदच करू देईना. ‘‘भैया, मेरे उपर से गिराओ,’’ म्हणाली. बारा बेचाळीसला तबिश धावत आला. होय, तोच तबिश, टाय खांद्यावर उडालेला, हातात पत्र, त्यावर दोन सह्या. ‘‘सॉरी, मॅडम,’’ एवढंच बोलला. तिनं तिथूनच पत्राचा फोटो अम्मारला पाठवला. एक वाजायला सहा मिनिटं असताना त्याचं उत्तर आलं, ‘येतो. चेक आणतो.’

गायधनी खुर्चीत खचून बसले. मग घाईघाईनं उठले, खिशातून एक पाकीट काढलं आणि म्हणाले, ‘‘ताई, आज पंचवीस. हे बंद व्हायच्या आत भरून टाकू का?’’

‘‘काय?’’

‘‘हप्ता. चेक बँकेत जमा होईपर्यंत कर्ज आपलंच ना? सगळे आहेत. काल आठशे कमी पडत होते, पण झाले.’’

आसावरीचं लक्ष पाकीट धरलेल्या हाताकडे गेलं. बोटावर नुसता पांढरा वळ होता.

म्हणजे मे महिन्यात गाडी. त्यानंतर, सुचित्रावहिनी गेल्या तेव्हा गळ्यात काही नव्हतं, ते हिनं विमानतळावर पाहिलं होतं आणि प्रवासात नको म्हणून काढलं असेल असं समजली होती. मग टीव्ही, मग सोफा. घर रिकामं होतं ते सामान नाशिकला पाठवलं म्हणून नव्हे. हप्ता चुकवू नका, असं ती म्हणाली होती आणि हा भला माणूस दर महिन्याला घरातलं एकेक विकून तिचं ऐकत होता.

‘‘संजीवराव,’’ ती म्हणाली, ‘‘हे मी करायला लावलं तुम्हाला.’’

‘‘छे हो. तुम्ही नसतं सांगितलं तरी भरलेच असते.’’ ते ओशाळून हसले. ‘‘सुचित्राला मात्र बोलू नका. हरवली म्हणेन.’’

आसावरीनं डोळे पुसले, पाकीट त्यांच्याच खिशात कोंबलं आणि वर हात ठेवून दाबून धरलं.

‘‘हा हप्ता चुकवायचा. ऐकलंत? आयुष्यात एकदा. अम्मारची सही झाली की माझ्या गाडीत बसा. अंगठी कुठल्या दुकानात दिलीत?’’

‘‘सूकमध्ये, सोन्याच्या बाजारात. अश्फाकभाईंकडे.’’

‘‘चारला उघडतं ते,’’ ती म्हणाली आणि दारात आलेल्या अम्मारकडे पत्र घेऊन निघाली.