शर्यतीचे बोळे

निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी उघडली की मला आधी खोबरेल तेलाचा वास येतो आणि मग ती दुपार आठवते. नागपूरबाहेरच्या मैदानावर मोटारसायकलींची शर्यत होती. कान फाटतील असा आवाज असतो म्हणे, म्हणून आई वाती वळाव्यात तसे कापसाचे बोळे वळत होती आणि थोरली बहीण ते वाटीतल्या तेलात बुडवत होती. डब्यात पोळ्या आणि झुणका होता, पिशवीत संत्री होती, दारात सायकलरिक्षा येऊन थांबली होती. गोवर झाल्यापासून मला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. एवढा मोठा आवाज माझ्याही कानात शिरेल, या एकाच आशेवर मी कित्येक दिवस काढले होते. बोळ्यांसाठी मी हात पुढे केला. बहीण आईला म्हणाली, "हिले काहून पाहिजे वं कापूस? हिचे कान तर गोवरानंच बुजवले." ओठांवरून मला सगळं कळतं, हे दोघींना ठाऊक होतं. आई हसली. "मंग हिले नेऊन काय फायदा? घर राखू दे," म्हणाली आणि माझ्या वाट्याचे दोन बोळे तिनं देवापुढच्या समईत टाकले. नवा फ्रॉक घालून मी दारात बसून राहिले. रिक्षा गेली, तीही मला नुसती दिसली. आता म्हातारपणी बहिणीचेही कान गेलेत. माझ्या ओठांकडे बघत ती सारखी विचारते, "काय म्हणून राहिली वं?" मी पुन्हा सांगते, पण तोंड फिरवून.