खिडकीबाहेरच्या एस्तेरबाई

एस्तेरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरच्या ऑफिसात एका गिऱ्हाइकाशी तावातावाने भांडत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, शालिनीचा. "दादा, आई गेली. सकाळीच." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं! समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, तुमचंच बरोबर आहे, आणि स्टँडवर जाऊन श्रीरामपूरची एस.टी. धरली. याला आता पाच आठवडे होतील. एस्तेरबाई साळवे तुम्हाला माहीत असण्याचं काही कारण नाही. श्रीरामपूरकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली, बस एवढंच. पण मला माझं काम कोणी शिकवलं असं कोणी विचारलं, तर मी कॉलेजचं नाव घेत नाही. त्यांचं घेतो.

सहाएक वर्षांपूर्वी त्या दवाखान्याने केसपेपर कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी पंचविशीतला, डोक्यात हवा गेलेला. एकदा जाऊन छापील केसपेपरचे नमुने आणायचे, नगरला पंख्याखाली बसून प्रोग्रॅम लिहायचा आणि चार महिन्यांनी फ्लॉपी घेऊन हजर व्हायचं, असा माझा बेत होता. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तो पहिल्याच दिवशी मोडीत काढला. म्हणाले, "इथेच खोली घेऊन राहा. रोज दुपारी खिडकी बंद झाली की अर्धा तास एस्तेरबाईंजवळ बसा. जेवढं झालंय तेवढं चालवून दाखवा. झालं नसेल तर का झालं नाही ते त्यांना सांगा." मला राग आला. राग कसला, अपमानच वाटला. सातवी शिकलेल्या बाईंपुढे मी रोज हजेरी लावायची?

पहिल्या दिवशी अडीच वाजता बाई डबा धुऊन, चष्मा पुसत आल्या. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि दार उघडून बाहेर गेल्या. मला वाटलं, रुसल्या. तर बाई खिडकीच्या पलीकडे येऊन उभ्या! डोक्यावर पदर, पाठ वाकलेली, आवाज पार बदललेला. "ए भाऊ, माज्या म्हाताऱ्याला लई धाप लागलीया. कागुद दे बिगीबिगी." मला हसू फुटलं. "हसतो काय? नंबर हाय माजा." मग मी मुकाट्याने विचारत गेलो, नाव, गाव, जन्मतारीख. "जन्मतारीख? मुळा धरणाचं काम चाललं हुतं तवा ह्याला चार लेकरं हुती. लिव त्यात." आता हे कुठे लिहायचं? तारीख भरल्याशिवाय पडदा पुढे सरकेना. मी नुसता कळफलक बडवत बसलो. बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, म्हातारा गेला की तुमच्या दारात."

मग तो रिवाजच पडला. रोज अडीचला खिडकीबाहेर नवीन पेशंट. कधी जामखेडहून ऊसतोडीला आलेला गडी, ज्याचं घर एका गावात आणि उसाच्या फडाजवळची कोप, म्हणजे पाचटाची झोपडी, दुसऱ्या गावात. कधी जुळी पोरं घेऊन आलेली, एकाचं नाव दुसऱ्याला सांगणारी आजी. जे अडेल ते मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करायचो आणि दुसऱ्या दिवशी आधी कालचाच पेशंट पुन्हा यायचा. "काय साहेब, कालचा म्हातारा जगला का?" वयाच्या रकान्यात 'अंदाजे' आलं तेव्हा तो म्हातारा जगला, आणि बाईंनी मला डब्यातला चिक्कीचा तुकडा दिला. 'साहेब' जाऊन 'अरे' कधी आलं, ते दोघांनाही कळलं नाही. नगरला पंख्याखाली बसून मी काय दिवे लावले असते, हे मला तिसऱ्या आठवड्यातच उमगलं होतं... पण उमगलं म्हणून माणूस सुधारतोच असं नाही.

शालिनीचं बाळंतपण आलं आणि बाई पंधरा दिवस रजेवर राहुरीला गेल्या. उद्घाटनाचा दिवस ठरलेला. बाईंची वाट कशाला पाहायची, म्हणून बायकांच्या केसपेपरचा पडदा मी छापील कागद पुढ्यात ठेवून एकट्यानेच करून टाकला. जुने कागद भरायला चार मुली बसवल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "सर, ह्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीबाही लिवलंय. त्याचं काय करायचं?" मी मानही वर केली नाही. "सोडून द्या." छापील रकाना नाही, म्हणजे कामाचं नाही. हजारो कागदांवरचं ते पेन्सिलीचं अक्षर माझ्या त्या दोन शब्दांनी वगळलं गेलं.

उद्घाटन झालं, हारतुरे झाले. चौथ्या दिवशी बाई रजेवरून आल्या आणि खिडकीत माझ्या शेजारी बसल्या. एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेच्या पायाला जखम, अंगात ताप. नाव सासूनेच सांगितलं, सुनंदा. कॉम्प्युटर म्हणाला, जुना कागद नाही. मी नवीन काढून दिला. त्या दोघी इंजेक्शनच्या खोलीकडे वळल्या आणि बाई उभ्या राहिल्या. "ए पोरी, थांब. माहेरचं नाव काय गं तुजं?" "मंगल. बेलापूरची." बाईंना पळताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं. रेकॉर्डच्या खोलीतून त्यांनी मंगलचा लग्नाआधीचा कागद आणला. वर लाल शाईत लिहिलेलं होतं, पेनिसिलीन देऊ नये, श्वास कोंडतो. नर्सच्या हातात सिरिंज भरलेली होती.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलतं आणि नवीन नावाला जुना आजार माहीत नसतो. बाई सत्तावीस वर्षं प्रत्येक लग्न झालेल्या बाईला माहेरचं नाव विचारत होत्या आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं टिपून ठेवत होत्या. शाईनं का नाही, असं मी नंतर विचारलं. "फॉर्मात जागा कुठं हुती? शाईनं लिवलं की वरचे वरडायचे." मी वाट पाहत होतो, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मोकळा झालो असतो. अडीच वाजता त्या नेहमीसारख्या बाहेर गेल्या आणि खिडकीशी मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी विचारलं, नाव? उत्तर नाही. गाव? उत्तर नाही. पदर चेहऱ्यावर ओढलेला, नजर जमिनीकडे. शेवटी मी म्हणालो, "माहेरचं नाव काय तुमचं?" तेव्हा त्यांनी मान वर केली आणि हसल्या. "आता आलं तुला."

बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. पेन्सिलीचं अक्षर बहुतेक ठिकाणी पुसट झालेलं, ते वाचू शकणारं माणूस एकच. त्या गेल्या असत्या तर ती नावंही गेली असती. आम्ही रोज बसलो. त्या कागद उजेडाला धरायच्या, डोळे बारीक करून सांगायच्या, मी भरायचो. जिथे अक्षर पार गेलं होतं तिथे नुसतं गाव ऐकून म्हणायच्या, "ती व्हय, पढेगावच्या सुताराची लेक. शकुंतला." तीन महिन्यांत निम्मेच कागद झाले. निरोपाच्या समारंभात शाल अंगावर घेतली आणि दुसऱ्या दिवशी अडीचला बाई हजर! एक पै न घेता आणखी सात महिने आल्या. शेवटचा कागद झाला त्या दिवशी खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "आता मला इसरायला हरकत न्हाई."

मागच्या आठवड्यात दोन हजार साल उजाडल्यावर कॉम्प्युटरच्या तारखा चुकू नयेत म्हणून दुरुस्ती करायला मी त्या दवाखान्यात गेलो होतो. शेवटच्या आजारपणात बाई तिथेच दाखल झाल्या होत्या. मी त्यांची नोंद उघडली. एस्तेर योसेफ साळवे. खाली, माहेरचं नाव: द्रुपदा. खिडकीवरच्या मुलीला मी विचारलं, हे कोणी भरलं? ती ओशाळून म्हणाली, "सर, आमी विचारलंच नव्हतं. बाई आपल्याच, त्यांना काय विचारायचं? त्याच म्हणाल्या, लग्नाआधी बाप्तिस्मा झाला तवा एस्तेर झाले. इचार की गं... मला बी इचारावं कुनी."

वर्षभर मी रोज त्यांच्या शेजारी बसलो. हजारो बायकांची नावं त्यांच्या तोंडून ऐकून भरली. त्यांचं एकदाही विचारलं नाही. दुपारी खिडकी बंद झाली, मुली जेवायला गेल्या, तेव्हा मी दार उघडून बाहेर गेलो आणि खिडकीच्या पलीकडे, पेशंट उभे राहतात तिथे, थोडा वेळ उभा राहिलो. आत कोणी नव्हतं. मी हळूच म्हणालो, "द्रुपदाबाई..."